कम्युनिटी कॉलेजातून परदेशी शिक्षण : आपल्या आदिवासी मुलामुलींसाठी खऱ्या वाटा कोणत्या?



बारावीचे निकाल लागले की आमच्या वसतिगृहाच्या फोनवर एकाच तऱ्हेचे प्रश्न येऊ लागतात. “मुलाला परदेशात पाठवता येईल का?” “अमेरिकेत दोन वर्षांचं कॉलेज असतं म्हणे, ते आपल्याला परवडेल का?” “एजंट तीन लाख मागतोय, देऊ का?” पूर्वी हे प्रश्न शहरातून येत. आता ते जव्हार, धडगाव, धारणीकडच्या पाड्यांतूनही येतात, कारण मोबाइलवरची जाहिरात पाड्यापर्यंत पोहोचली आहे. माहिती मात्र पोहोचलेली नाही. जाहिरात आणि माहिती यांच्यामधल्या या खड्ड्यात एखाद्या कुटुंबाची बैलजोडी, दागिने आणि मुलाची दोन-तीन वर्षे जाऊ शकतात. म्हणून या अंकात कम्युनिटी कॉलेज आणि परदेशी शिक्षण यांविषयी सविस्तर लिहीत आहे. वाचून झाल्यावर हा अंक आपल्या मंडळीतील एखाद्या तरुण मुलामुलीच्या हातात जरूर द्यावा.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

अमेरिकेत बारावीनंतर सरळ चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येते, किंवा आधी दोन वर्षांच्या कॉलेजात जाता येते. या दोन वर्षांच्या कॉलेजांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेले कॉलेज हे यांतले सर्वांत जुने सरकारी कॉलेज मानले जाते. आज त्या देशात अशी सुमारे एक हजार कॉलेजे आहेत. गावाच्या जवळ, कमी शुल्काचे आणि प्रवेशासाठी गुणांची मोठी अट नसलेले, असे त्यांचे स्वरूप असते. नोकरी करून शिकणारे, घरी मुले असलेल्या आया, शाळा सुटून दहा वर्षे झालेले लोक, सगळे तिथे एका वर्गात बसतात.

तिथे दोन प्रकारचे शिक्षण मिळते. एक, हाताला काम देणारे : परिचर्या, वाहनदुरुस्ती, शेती, संगणक, हॉटेल व्यवस्थापन, बालवाडी शिक्षण. दुसरे, पुढे विद्यापीठात जाण्यासाठी लागणारी पहिली दोन वर्षे. दोन वर्षांनंतर मिळणाऱ्या पदवीला ‘असोसिएट डिग्री’ म्हणतात. ही आपल्या बीए-बीएस्सीच्या बरोबरीची नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. भारतात ‘पदवीधर’ अशी अट असलेल्या नोकरीसाठी ती पुरत नाही. ती पूर्ण पदवीच्या वाटेवरचा अर्धा टप्पा आहे.

आपल्या देशातही ही कल्पना आली, आणि तिला रुजवण्यात मंडळीचा मोठा वाटा आहे. १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने आणि १९९६ मध्ये मद्रास-मैलापूरच्या कॅथलिक महाधर्मप्रांताने कम्युनिटी कॉलेज सुरू केले. पुढे येशूसंघी धर्मगुरू फादर झेवियर अल्फोन्स यांनी ही चळवळ देशभर नेली. शाळा अर्धवट सुटलेल्या, दलित, आदिवासी आणि गरीब मुलांना कौशल्य, इंग्रजी आणि आत्मविश्वास द्यायचा, हा तिचा हेतू होता. २०१३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानेही कम्युनिटी कॉलेजांची योजना राबवली. तेव्हा आपल्या भागातील मुलाने अशा कॉलेजातून प्रमाणपत्र किंवा पदविका घेतली असेल, तर ते कमी दर्जाचे समजू नये. मात्र त्या पदविकेवर परदेशी कॉलेज आपोआप सूट देत नाही. प्रत्येक कॉलेज आपापल्या नियमाने कागद तपासते.

पहिली वाट : एक वर्ष, दुसऱ्याच्या खर्चाने

गरीब घरातल्या मुलांसाठी खास आखलेली एक योजना आहे. तिचे नाव ‘कम्युनिटी कॉलेज इनिशिएटिव्ह प्रोग्राम’. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ती २००७ मध्ये सुरू केली. ज्या देशांतील तरुणांसाठी ती चालवली गेली त्यांत भारतही आहे, आणि आपल्याकडे तिचे काम ‘युनायटेड स्टेट्स–इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन’ ही संस्था पाहत आली आहे.

या योजनेत निवड झालेला तरुण एक शैक्षणिक वर्ष अमेरिकेतील एखाद्या कम्युनिटी कॉलेजात राहून शिकतो. शेती, अभियांत्रिकीतील तांत्रिक काम, व्यवसाय व्यवस्थापन, बालशिक्षण, माहिती तंत्रज्ञान, प्रसारमाध्यमे, सार्वजनिक सुरक्षा, पर्यटन व आतिथ्य अशा क्षेत्रांतून तो एक निवडतो. वर्गातील शिक्षणाबरोबर प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि स्वयंसेवाही असते. जाण्या-येण्याचा विमानप्रवास, शिक्षणशुल्क, राहणे-जेवण, आरोग्यविमा हा खर्च योजनेतून होतो. अर्ज करायला शुल्क नाही.

आता तिच्या मर्यादा. वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र मिळते, पदवी मिळत नाही. कुटुंबाला सोबत नेता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, वर्ष संपले की मायदेशी परतावेच लागते. या योजनेचा व्हिसा ‘जे-वन’ प्रकारचा असतो आणि त्याच्यासोबत दोन वर्षे स्वदेशात राहण्याची अट येते. ती पूर्ण होईपर्यंत नोकरी किंवा कायम वास्तव्यासाठीचा अमेरिकन व्हिसा मिळत नाही. काहींना ही अट जाचक वाटते. पण आपल्या सेवाकार्याच्या दृष्टीने पाहिले तर हीच या योजनेची जमेची बाजू आहे. शिकलेली मुलगी परत येते, आणि शिकलेले इथे वापरते.

अशी योजना दुसऱ्या देशाच्या सरकारी पैशावर चालते. तिथल्या अंदाजपत्रकाप्रमाणे ती वाढते, घटते, एखाद्या वर्षी थांबतेही. त्यामुळे “मागच्या वर्षी अमक्याला मिळाली” या ऐकीव गोष्टीवर विसंबू नये. त्या वर्षी भारतातून अर्ज मागवले आहेत का, हे संस्थेच्या मुंबई कार्यालयात किंवा तिच्या संकेतस्थळावर आधी पाहावे.

दुसरी वाट : दोन अधिक दोन

जाहिरातींत जी वाट दाखवतात ती ही. पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात, नंतर बदली घेऊन दोन वर्षे विद्यापीठात, आणि शेवटी विद्यापीठाची पूर्ण पदवी. अनेक राज्यांत कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यात तसे करार असतात आणि ही वाट खरी आहे. पहिल्या दोन वर्षांचा खर्च विद्यापीठापेक्षा कमी येतो, हेही खरे.

पण ‘कमी’ कोणाच्या तुलनेत, हे विचारावे. कम्युनिटी कॉलेजचे स्वस्त शुल्क हे तिथल्या रहिवाशांसाठी असते, कारण कॉलेज त्यांच्या करांवर चालते. परदेशी विद्यार्थ्याला कित्येक पट जास्त शुल्क पडते. त्यात राहणे, जेवण, पुस्तके आणि आरोग्यविमा धरला तर बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून अधिक खर्च येतो. म्हणजे वर्षाला सतरा-अठरा लाख रुपये. बहुसंख्य कम्युनिटी कॉलेजांत वसतिगृह नसते, त्यामुळे भाड्याची खोली शोधावी लागते.

“शिकता शिकता कमवा” हे वाक्य सर्वांत जास्त फसवे आहे. ‘एफ-वन’ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारातच, आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते. बाहेरच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर परवानगीशिवाय काम केले तर व्हिसा जातो आणि परत यावे लागते. आवारातल्या कामातून हातखर्च निघेल, शुल्क निघणार नाही. शिवाय व्हिसा मागतानाच पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च भरण्याइतका पैसा आहे हे दाखवावे लागते. एजंट काही दिवसांसाठी खात्यात पैसे ‘दाखवून’ देतो म्हणाला, तर तो खोटेपणात आपल्या मुलाला भागीदार करून घेतो. ते उघडकीस आले तर व्हिसा कायमचा बंद होऊ शकतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे : पूर्ण शिष्यवृत्ती हातात नसेल, तर कर्ज काढून या वाटेने आपल्या वसतिगृहातील मुलाला पाठवू नये. पदवी इथे घ्यावी आणि त्यानंतर, खाली सांगितलेल्या शिष्यवृत्तीवर, जावे.

तिसरी वाट : जर्मनीतील कामासह प्रशिक्षण

ज्यांना पुस्तकापेक्षा हाताचे काम आवडते त्यांच्यासाठी जर्मनीची ‘आउसबिल्डुंग’ पद्धत समजून घेण्यासारखी आहे. यात तरुण काही दिवस कारखान्यात, रुग्णालयात किंवा हॉटेलात काम शिकतो आणि काही दिवस व्यवसायशाळेत जातो. प्रशिक्षण दोन ते साडेतीन वर्षांचे असते. शिकवणारी आस्थापना दरमहा विद्यावेतन देते. परिचारिकेचे प्रशिक्षण तीन वर्षांचे असते. जर्मनीतील अनेक रुग्णालये आणि वृद्धाश्रम डियाकोनी आणि कारितास या ख्रिस्ती सेवासंस्था चालवतात, आणि तिथेही हे प्रशिक्षण मिळते.

इथे अडचण पैशाची नाही, भाषेची आहे. जर्मन भाषेची किमान ‘बी-वन’ पातळी लागते, परिचर्येसाठी बहुधा त्याहून वरची ‘बी-टू’. शून्यापासून तिथवर पोहोचायला वर्षभर किंवा अधिक काळ कसून अभ्यास हवा. पुणे आणि मुंबई येथे मॅक्सम्युलर भवनात ही भाषा शिकवली जाते आणि तिच्या परीक्षाही होतात. घरी भिली, कोरकू किंवा गोंडी, शाळेत मराठी, आणि मग हिंदी व इंग्रजी अशा चार भाषा शिकलेल्या मुलाला पाचवी भाषा अशक्य आहे, असे मला वाटत नाही. त्याला वेळ आणि शिक्षक मात्र मिळाला पाहिजे.

चौथी वाट : पदवीनंतर सरकारी शिष्यवृत्ती

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. ती पदव्युत्तर, पीएचडी आणि त्यापुढील संशोधनासाठी आहे, बारावीनंतरच्या शिक्षणासाठी नाही. वर्षाला २० जागा असतात. त्यांतील १७ सर्वसाधारण अनुसूचित जमातींसाठी आणि ३ विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी. आपल्या महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे असे तीन गट आहेत. म्हणजे रायगडच्या कातकरी वाडीतील पदवीधर मुलीसाठी या तीन जागांचे दार वेगळे उघडे आहे. ही गोष्ट किती वाड्यांवर माहीत आहे? एकूण जागांपैकी ३० टक्के मुलींसाठी ठेवल्या आहेत. वयाची मर्यादा ३५ वर्षे आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ६ लाख रुपये आहे.

महाराष्ट्र शासनाच्या आदिवासी विकास विभागाचीही परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या त्या वर्षीच्या अटी आणि अर्जाची मुदत आपल्या भागातील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारता येते.

अशा शिष्यवृत्तीने काय होते याचे उदाहरण हवे असेल तर जयपालसिंग मुंडा यांचे पाहावे. छोटा नागपूरच्या टकरा या मुंडा गावात १९०३ साली जन्मलेला हा मुलगा रांचीच्या सेंट पॉल या मिशन शाळेत शिकला. तिथल्या मिशनऱ्यांनी त्याचे गुण ओळखून त्याला इंग्लंडला नेले. तो ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकला आणि १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघाचा कर्णधार झाला. पुढे संविधान सभेत आदिवासींच्या हक्कांसाठी उभा राहिलेला ठळक आवाज त्याचाच होता. झारखंड सरकारने त्यांच्याच नावाने परदेश शिष्यवृत्ती सुरू केली, आणि २०२१ मध्ये सहा आदिवासी तरुणांची पहिली तुकडी ब्रिटनला गेली. ती योजना झारखंडच्या रहिवाशांसाठी आहे. पण एका मिशन शाळेने एका मुलावर ठेवलेला विश्वास शंभर वर्षांनंतरही इतरांना वाट दाखवतो, हे आपल्यासाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कागदपत्रे : इथेच सर्वांत जास्त मुले अडतात

माझ्या अनुभवात मुले गुणांमुळे जितकी मागे राहत नाहीत तितकी कागदांमुळे राहतात. म्हणून चार गोष्टी अकरावीतच सुरू कराव्यात.

पहिली, नाव. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ‘डॅनियल’, शाळेच्या दाखल्यावर ‘दानिएल’, आधारवर फक्त घरचे नाव, आणि आडनावाच्या जागी कुठे जमातीचे नाव, तर कुठे वडिलांचे, असे आपल्याकडे सर्रास असते. परदेशी कॉलेज आणि वकिलात यांना सगळीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग आणि एकच जन्मतारीख लागते. शाळेचा दाखला प्रमाण धरून बाकीचे कागद त्याप्रमाणे करून घ्यावेत. गरज पडल्यास राजपत्रात नावबदल छापावा.

दुसरी, पारपत्र. ३६ पानांच्या साध्या पारपत्राचे शुल्क १,५०० रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्रही चालते. त्यामुळे घरी, पाड्यावर जन्म झाला आणि नोंद नाही, म्हणून निराश होऊ नये.

तिसरी, जमातीचे प्रमाणपत्र आणि त्याची वैधता. सरकारी शिष्यवृत्तीसाठी हे आवश्यक आहे आणि याला सर्वांत जास्त वेळ लागतो. ६ सप्टेंबर १९५० पूर्वी कुटुंब कुठे राहत होते याचे पुरावे शोधावे लागतात : आजोबांचा शाळेचा दाखला, जुना सातबारा, गाव नमुने, कोतवाल बुकातील नोंद. प्रवेशाचे पत्र आल्यावर समितीकडे धाव घेतली तर सत्र निघून जाते.

इथे एक शंका दूर करतो, कारण ती आमच्याकडे वारंवार विचारली जाते. ख्रिस्ती झालेल्या आदिवासीचा अनुसूचित जमातीचा दर्जा जातो का? सध्याच्या कायद्याप्रमाणे, जात नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमाती आदेशात ती नाही. म्हणून आपल्या मुलांनी अर्जात धर्म लपवू नये आणि जमातही लपवू नये. दोन्ही खरे लिहावे.

चौथी, इंग्रजी. टोफेल किंवा आयईएलटीएस या परीक्षांत लेखनाबरोबर बोलणे आणि ऐकणेही तपासतात. आपल्या मुलांचे व्याकरण अनेकदा चांगले असते, पण तोंड उघडत नाही. रोज अर्धा तास मोठ्याने वाचणे आणि कोणाशी तरी इंग्रजीत बोलणे, याला पर्याय नाही.

फसवणूक कशी ओळखावी?

खरी शिष्यवृत्ती अर्जदाराकडून ‘जागा राखून ठेवण्यासाठी’ पैसे मागत नाही. व्हिसाची हमी कोणीही देऊ शकत नाही, कारण तो निर्णय वकिलातीचा असतो. मूळ दाखले आणि पारपत्र कोणाच्याही ताब्यात ठेवू नयेत. प्रवेशपत्र आले की त्या कॉलेजच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पत्ता घेऊन थेट विचारणा करावी. अमेरिकेच्या शिक्षणासाठी ‘एज्युकेशनयूएसए’ या त्या सरकारच्याच सल्लाकेंद्रांत माहिती विनामूल्य मिळते. आणि कोणी ‘आधी विद्यार्थी म्हणून जा, तिथे गेल्यावर कामाला लावतो’ असे म्हणत असेल, तर तिथून उठून यावे. अशा वाटेने गेलेली मुले परक्या देशात कागदाविना अडकतात. तिथे त्यांना ना पोलिसांकडे जाता येते, ना घरी.

आपण काय करू शकतो?

बंधुभगिनींनो, एका मुलाला अमेरिकेला पाठवण्याइतका पैसा आपल्या मंडळीकडे नसेल. त्याची गरजही नाही. गरज आहे ती छोट्या, वेळेवर दिलेल्या मदतीची. एका पारपत्राचे शुल्क. वैधतेच्या सुनावणीसाठी तालुक्याहून जिल्ह्याला जाण्याचे भाडे. इंग्रजी परीक्षेचे शुल्क. भाषेच्या वर्गाची वर्षभराची फी. या प्रत्येक ठिकाणी हुशार मूल अडलेले असते, आणि रक्कम बहुधा आपल्या एका नाताळच्या खर्चाएवढी असते.

पैशाहून मोठी मदत वेळेची आहे. मंडळीत निवृत्त शिक्षक असतील, बँकेत किंवा तहसील कार्यालयात काम केलेले वडीलधारे असतील, परदेशात राहून आलेले तरुण असतील. त्यांनी आठवड्यातून एक तास फोनवर एका मुलाशी इंग्रजीत बोलावे, अर्ज वाचून द्यावा, पुरावे शोधायला सोबत जावे. प्रत्येक मंडळीने एक मूल असे दत्तक घेतले तरी पुष्कळ होईल.

काही सभासद मला विचारतात, “शिकून ही मुलं परत येणार आहेत का? नाहीतर आपण कशाला राबायचं?” प्रश्न रास्त आहे. काही येतील, काही येणार नाहीत. पण ज्या मुलीला आपल्या पाड्याची लाज वाटावी असे आपण वागवले, ती परत येणार नाही. आणि जिच्या भाषेचा, आजीच्या ज्ञानाचा, रानाच्या ओळखीचा आपण मान राखला, तिला परतण्याचे कारण राहील. त्याची तयारी विमानतळावर होत नाही, वसतिगृहाच्या जेवणाच्या पंगतीत होते.

शेवटी हेही सांगतो. परदेशी जाणे हा शिक्षणाचा एकच शिखरबिंदू नाही. जी मुले जाणार नाहीत, त्यांच्यासाठी जवळची आयटीआय, परिचर्या विद्यालय, कृषी पदविका आणि आपल्याकडची कम्युनिटी कॉलेजे आहेत, आणि गावाला त्यांची गरज आधी आहे. जाणाऱ्या एकासाठी टाळ्या वाजवताना थांबलेल्या नऊजणांना विसरू नये.

येत्या तिमाहीत आमच्या वसतिगृहातील अकरावी-बारावीच्या सर्व मुलामुलींचे नाव, जन्मतारीख आणि जमातीचे कागद तपासून घेण्याचे काम हाती घेतले आहे. हे काम पूर्ण व्हावे, कोणाचाही अर्ज केवळ एका अक्षराच्या फरकामुळे परत येऊ नये, आणि या मुलांना सुज्ञ सल्ला देणारी माणसे मिळावीत, यासाठी आपल्या प्रार्थनेत आमची आठवण ठेवावी. ज्यांना आठवड्यातला एक तास देता येईल त्यांनी आपल्या पाळकांकडे नाव द्यावे.